इंग्रजीतील जुळ्या शब्दांची पारख

पाचवीच्या वर्गातील इंग्रजीच्या तीन वह्या शिक्षकांपुढे उघड्या आहेत, असे समजू. पहिल्या वहीत मेंढीविषयी लिहिताना मुलाने दोन ई ऐवजी आय लिहिला आहे. त्यामुळे मेंढीचे जहाज झाले आहे. दुसऱ्या वहीत 'त्यांचे घर' असे म्हणावयाचे असता 'तेथे' या अर्थाचा 'देअर' आला आहे. तिसऱ्या वहीत स्वातंत्र्यदिनाचे वर्णन आहे आणि 'आम्ही ध्वज चढवतो' याकरिता 'वी राइझ द फ्लॅग' असे वाक्य आहे. तेथे 'रेझ' हवे होते. तिन्ही शब्दांभोवती तांबड्या शाईचे सारखेच वर्तुळ पडते, शेजारी 'स्पेलिंग' असा शेरा येतो आणि खाली 'पाच वेळा लिहा' अशी आज्ञा होते.

वास्तविक या तीन चुका एका जातीच्या नव्हेत. पहिल्या मुलाचा कान चुकला आहे. दुसऱ्याचा कान बिनचूक आहे, कारण त्या दोन शब्दांचा उच्चार एकच. त्याचा डोळा चुकला आहे. तिसऱ्याचे स्पेलिंग तर पूर्ण शुद्ध आहे. त्याला अकर्मक आणि सकर्मक यांतील भेद इंग्रजीत कसा दाखवतात हे कोणी सांगितलेले नाही. तीन रोग्यांना एकच पुडी बांधून देणारा वैद्य गावात फार दिवस टिकत नाही. वर्गात मात्र ही पुडी वर्षानुवर्षे चालते.

याचा परिणाम वाटतो त्याहून गंभीर असतो. सन २००० पासून महाराष्ट्रातील मराठी शाळांत इंग्रजी पहिलीपासून शिकवली जाते. परंतु खेड्यातील बहुसंख्य मुलांच्या घरी, शेतावर वा बाजारात ती भाषा कानांवर पडत नाही. मुलाची तिच्याशी गाठ पडते ती पुस्तकात आणि वहीत. पाठ केलेले उत्तर लिहिले तर वर्तुळ पडत नाही, स्वतःच्या मनातले वाक्य लिहिले तर पडते, हे चाणाक्ष मूल चौथी-पाचवीपर्यंत ओळखते आणि स्वतःचे वाक्य लिहिणेच सोडून देते. त्याची वही पुढे स्वच्छ दिसू लागते, पण ती स्वच्छता समाधान मानण्याजोगी नसते. म्हणून चूक दाखवण्यापूर्वी ती कोणत्या जातीची आहे हे शिक्षकांनी पाहावे.

प्रथम कानाच्या चुका घेऊ. 'शिप' म्हणजे जहाज आणि 'शीप' म्हणजे मेंढी. 'फिल' म्हणजे भरणे आणि 'फील' म्हणजे वाटणे. 'लिव्ह' म्हणजे राहणे आणि 'लीव्ह' म्हणजे सोडून जाणे. मराठी मूल या जोड्यांतील दोन्ही शब्द बहुधा दीर्घच उच्चारते. यात त्याचा आळस नाही. मराठीचा एक नियमच त्याच्या जिभेत मुरलेला असतो. आपल्या शब्दांत शेवटचे अक्षर अकारान्त असेल तर त्याच्या आधीचा इकार वा उकार दीर्घ असतो: वीट, खीर, मीठ, सून, फूल, मूल. 'गुण', 'विष', 'मंदिर' यांसारखे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द तेवढे या नियमातून सुटले आहेत. इंग्रजी शब्द मराठी घरात आला की त्यालाही मूल हीच शिस्त लावते आणि 'पिन'चे 'पीन' व 'बिल'चे 'बील' होते. दुकानांच्या पाट्याही याच मार्गाने जातात. शिक्षकांनी हा नियमच मुलांपुढे ठेवावा आणि सांगावे की, हा आपल्या घरचा नियम आहे, इंग्रजीच्या घरी तो चालत नाही. आपण अडाणी म्हणून चुकत नसून आपल्या भाषेच्या सवयीने चुकतो, हे कळले की मुलाचा संकोच निम्मा ओसरतो.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. इंग्रजीतील हा भेद केवळ मात्रेचा नाही. 'शीप' म्हणताना ओठ दोन्ही बाजूंना ताणले जातात व जीभ वर उचलली जाते. 'शिप' म्हणताना ओठ आणि जीभ दोन्ही सैल असतात. मुलांना नुसते 'लांब म्हणा' असे सांगितले तर ती शब्द ओढतात, पण बदलत नाहीत. एकमेकांच्या ओठांकडे पाहत दोन-दोन मुलांनी हे शब्द म्हणावेत आणि ऐकणाऱ्याने जहाजाच्या किंवा मेंढीच्या चित्रावर बोट ठेवावे. बोट चुकले तर वर्ग हसतो आणि सुधारणा तेथल्या तेथे होते. 'फुल' म्हणजे भरलेला आणि 'फूल' म्हणजे मूर्ख, ही जोडी याच खेळात घ्यावी. पोटभर जेवल्यावर 'आय ॲम फुल' म्हणणाऱ्याने उकार दीर्घ केला तर तो स्वतःविषयी काय सांगून बसतो, हे मुले सहसा विसरत नाहीत.

'व' ची अडचण थोडी निराळी. इंग्रजी व्ही उच्चारताना वरचे दात खालच्या ओठाला टेकतात, डब्ल्यू उच्चारताना दात कोठेच टेकत नाहीत, ओठांचा चंबू होतो. मराठी 'व' या दोहोंच्या मध्ये कोठेतरी आहे. म्हणून 'वेस्ट' म्हणजे पश्चिम आणि 'व्हेस्ट' म्हणजे बनियन यांची सरमिसळ होते. 'वाइन' म्हणजे मद्य आणि 'व्हाइन' म्हणजे वेल यांचीही. नाशिककडील मुलाने घरच्या द्राक्षवेलीविषयी लिहिताना येथे डब्ल्यू घातला तर वेलीला द्राक्षांऐवजी एकदम मद्यच लागेल. सुदैवाने मराठी लिपीने यावर उपाय आधीच करून ठेवला आहे. व्ही करिता आपण 'व्ह' लिहितो आणि डब्ल्यू करिता 'व'. फळ्यावर इंग्रजी शब्दाचा उच्चार देवनागरीत देताना शिक्षकांनी हा संकेत काटेकोरपणे पाळावा. पुष्कळदा तो घाईत सुटतो. 'बॅड' आणि 'बेड', 'मॅन' आणि 'मेन' यांबाबत अडचण कमी, कारण ॲ हे चिन्ह मुलांच्या ओळखीचे असते.

दुसरी जात डोळ्याच्या चुकांची. येथे कान कितीही तयार केला तरी उपयोग नाही. समुद्र आणि पाहणे या दोहोंना इंग्रजीत 'सी'च म्हणतात. मांस आणि भेटणे हे दोन्ही 'मीट'. रात्र आणि सरदार हे दोन्ही 'नाइट'. लिहिताना मात्र प्रत्येकाचे अंग वेगळे. जसे बोलावे तसे बहुतांशी लिहावे, अशा देवनागरीत वाढलेल्या मुलाला हा शुद्ध अन्याय वाटतो. 'असेच असते, पाठ करा' हे त्यावरचे उत्तर नव्हे, कारण खरे उत्तर सांगण्यासारखे आहे. एके काळी हे शब्द निराळे उच्चारले जात. सरदार या अर्थाच्या 'नाइट'च्या आरंभी जो के आज मुका आहे, तो पूर्वी बोलला जात असे. 'राइट' म्हणजे लिहिणे, याच्या आरंभीचा डब्ल्यूही तसाच. विल्यम कॅक्स्टन याने १४७६ मध्ये लंडनजवळ वेस्टमिन्स्टर येथे इंग्लंडातील पहिला छापखाना घातला. छपाईमुळे शब्दांची रूपे पुढील दोन-तीन शतकांत हळूहळू ठरून गेली, आणि नेमक्या त्याच काळात इंग्रजीतील दीर्घ स्वरांचे उच्चार मोठ्या प्रमाणावर बदलत होते. लेखणी जागच्या जागी राहिली आणि जीभ पुढे निघून गेली.

अशी गोष्ट आपल्याकडेही घडलेली आहे. जुन्या मराठी पुस्तकांत 'कांहीं', 'घरांत', 'पांच' असे अनुस्वार दिसतात. ते उच्चारातून केव्हाच गेले होते, लेखनात मात्र उरले होते. त्या काळी 'नांव' म्हणजे नाम आणि 'नाव' म्हणजे होडी, असा भेद एका टिंबाने दाखवला जाई. मराठी साहित्य महामंडळाने तयार केलेले शुद्धलेखनाचे नियम १९६२ मध्ये शासनाने मान्य केले आणि अनुच्चारित अनुस्वार गेले. आज 'नाव' हा शब्द नाम की होडी, हे वाक्यावरूनच ओळखावे लागते. इंग्रजांनी अशी झाडलोट केली नाही. त्यांची जुनी टिंबे, म्हणजे मुकी अक्षरे, जेथल्या तेथे आहेत. त्यांचा जाच होतो, पण एक लाभही आहे: कानाला जुळे वाटणारे शब्द कागदावर पाहताक्षणी ओळखू येतात. घरातील आजोबांचे एखादे जुने पुस्तक वर्गात आणून त्यातील टिंबे मुलांना मोजावयास लावली, तर इंग्रजीचा के मुका का, हे वेगळे समजावण्याची फारशी गरज राहत नाही.

डोळ्याच्या चुकांवर उपाय म्हणजे शब्दाचे कुळ दाखवणे. मराठीत येथे, तेथे, जेथे, कोठे हे एका घरातील शब्द आहेत. इंग्रजीतही 'हिअर' म्हणजे येथे, 'देअर' म्हणजे तेथे आणि 'व्हेअर' म्हणजे कोठे हे एका घरातलेच. तिघांच्याही पोटी एच-ई-आर-ई ही चार अक्षरे त्याच क्रमाने आहेत. स्थळ दाखवणारा शब्द असेल तर त्यात 'हिअर' सापडलाच पाहिजे. याउलट 'त्यांचे' या अर्थाच्या 'देअर'मध्ये टी नंतर एच-ई-आय-आर ही अक्षरे येतात, आणि तेवढीच वेगळी वाचली तर त्यांचा अर्थ होतो वारस. वारस आला म्हणजे मालकी आली, ही गोष्ट सात-बाराचा उतारा पाहिलेल्या शेतकऱ्याच्या मुलाला वेगळी सांगावी लागत नाही. ऐकणे या अर्थाच्या 'हिअर'मध्ये तर कानच बसला आहे: एच च्या पुढे ई-ए-आर.

अशा खुणा शोधताना एक पथ्य पाळावे. इंग्रजी पुस्तकांत दिलेल्या पुष्कळ युक्त्या तिकडच्या मुलांसाठी असतात. जेवणानंतरच्या गोड पदार्थाला 'डिझर्ट' म्हणतात व त्यात दोन एस असतात, कारण गोड दोनदा घ्यावेसे वाटते; वाळवंटाच्या 'डेझर्ट'मध्ये एकच एस. युक्ती चांगली आहे, पण ज्या मुलाने तो गोडाचा शब्द कधी ऐकलेलाच नाही त्याच्यापुढे ती ठेवण्यात अर्थ नाही. जी युक्ती समजावण्यासाठी दुसरी युक्ती लागते तिचा काय उपयोग? मुलाच्या अनुभवातील खूण सापडली नाही, तर ती जोडी पुढील इयत्तेसाठी खुशाल राखून ठेवावी.

कधी कधी शब्दाची गोष्टच खुणेचे काम करते. 'स्टेशनरी' हे दोन शब्द आहेत. शेवटी ए-आर-वाय असेल तर अर्थ स्थिर, एका जागी उभा. ई-आर-वाय असेल तर वह्या, कागद, लेखणी. दोहोंचे मूळ एकच. मध्ययुगात बहुतेक विक्रेते पाठीवर माल घेऊन गावोगाव फिरत. विद्यापीठांच्या गावी पुस्तके विकणारे मात्र एका ठिकाणी दुकान मांडून बसत. म्हणून त्यांना 'स्टेशनर' असे नाव पडले आणि त्यांच्या मालाला 'स्टेशनरी'. दुकानदाराच्या नावात ई आहे, म्हणून मालाच्या नावातही ई. एसटी स्थानकावर उभी आहे असे लिहायचे असेल तर ए. 'प्रिन्सिपल'चीही दोन रूपे अशीच ठेवावीत: पी-ए-एल म्हणजे मुख्य, आणि म्हणून मुख्याध्यापक, पी-एल-ई म्हणजे तत्त्व.

आता तिसरी जात, म्हणजे व्याकरणाची. या ठिकाणी मराठी मूल इंग्रज मुलापेक्षाही सरस ठरू शकते, आणि याच ठिकाणी आपण त्याला सर्वांत कमी मदत करतो. मराठीत पडणे आणि पाडणे, मरणे आणि मारणे, तुटणे आणि तोडणे, सुटणे आणि सोडणे अशा जोड्या आहेत. धातूतील स्वर बदलला की आपोआप घडणारी क्रिया कोणीतरी घडवून आणलेली क्रिया होते. चार वर्षांचे मूलसुद्धा 'पेला पडला' आणि 'पेला पाडला' यांत गल्लत करत नाही. किंबहुना मार चुकवण्यासाठी पहिले रूप कोणते वापरावे हे त्याला चांगले ठाऊक असते. इंग्रजीत याच घडणीच्या थोड्या जोड्या उरल्या आहेत. 'फॉल' म्हणजे पडणे आणि 'फेल' म्हणजे झाड पाडणे. 'सिट' म्हणजे बसणे आणि 'सेट' म्हणजे बसवणे. 'लाय' म्हणजे आडवे होणे आणि 'ले' म्हणजे आडवे ठेवणे. 'राइझ' म्हणजे उठणे वा वर येणे आणि 'रेझ' म्हणजे उठवणे वा वर नेणे. इंग्रजी ज्या जर्मानिक कुळातील आहे, त्या कुळातील जुन्या प्रयोजक क्रियापदांचे हे अवशेष आहेत. नव्या जोड्या तेथे आता या रीतीने घडत नाहीत, म्हणून इंग्रजी मातृभाषा असलेली माणसेही 'लाय' आणि 'ले' यांत वारंवार घसरतात. मराठीत मात्र ती रीत रोजच्या बोलण्यात आहे.

यासाठी एक सोपी कसोटी वर्गात देता येते. वाक्य मराठीत, भूतकाळात आणि तृतीय पुरुषी करावे. 'सूर्य वर आला' यात कर्त्याला 'ने' लागला नाही. येथे 'राइझ' घ्यावा. 'मुलांनी ध्वज वर चढवला' यात 'नी' आला; येथे 'रेझ' घ्यावा. 'मांजर चटईवर आडवे झाले' येथे 'लाय'. 'आईने बाळाला चटईवर आडवे ठेवले' येथे 'ले'. वाक्य तृतीय पुरुषीच घ्यावे, कारण 'मी' आणि 'तू' यांना 'ने' दिसत नाही. तसेच शिकणे, पिणे, विसरणे ही क्रियापदे सकर्मक असूनही 'ने' घेत नाहीत, म्हणून ही कसोटी सर्वत्र लावू नये. या चार जोड्यांपुरती ती भरवशाची आहे. मोठ्या मुलांना आणखी एक अडचण सांगून ठेवावी. 'लाय'चा भूतकाळही 'ले' असाच होतो आणि 'फॉल'चा 'फेल'. घोळ होतो तो येथेच. 'ले' म्हणजे ठेवणे, याचा भूतकाळ मात्र 'लेड'. ही रूपे एका दिवसात रुळत नाहीत व रुळावीत अशी अपेक्षाही धरू नये.

मराठीची आणखी एक किल्ली पाहण्यासारखी आहे. 'हिअर' आणि 'लिसन' या दोहोंचा अर्थ शब्दकोशात 'ऐकणे' असा सापडतो, 'सी' आणि 'लुक' यांचा 'पाहणे' असा; मग मूल हाताला येईल तो शब्द घेते. पण आपण 'मला आवाज ऐकू आला' आणि 'मी गाणे ऐकले' असे वेगळे बोलतोच. 'मला डोंगर दिसला' आणि 'मी डोंगराकडे पाहिले' हेही वेगळे. वाक्य 'मला' ने सुरू होत असेल तर 'हिअर' आणि 'सी'. 'मी' ने सुरू होऊन मनाने लक्ष दिले असेल तर 'लिसन' आणि 'लुक'. 'सी'चा संसार पुढे बराच वाढतो, तो चित्रपटालाही जातो आणि वैद्याकडेही; परंतु प्राथमिक शाळेत एवढी वाट पुरेशी आहे. उसने देणे म्हणजे 'लेन्ड' आणि उसने घेणे म्हणजे 'बॉरो', येथे तर देणे-घेणे या शब्दांनीच निर्णय होतो.

'इट्स' या शब्दातील लोपचिन्हाने पुष्कळ शिक्षकांनाही सतावले आहे. चिन्ह असेल तर अर्थ 'ते आहे'. नसेल तर 'त्याचे'. मूल येथे चुकते ते तर्काने. मुलाच्या नावापुढे मालकी दाखवताना चिन्ह येते, मग येथे का नको? त्याला सांगावे की 'हिज', 'हर्स', 'अवर्स', 'देअर्स' यांपैकी कोणत्याही सर्वनामाला मालकीसाठी ते चिन्ह लागत नाही आणि 'इट्स' त्यांच्याच पंक्तीत बसतो. शंका आली की त्या जागी 'इट इज' घालून वाक्य वाचावे. 'ॲडव्हाइस' आणि 'ॲडव्हाइझ' यांत तर उच्चारच निवाडा करतो: सल्ला हे नाम, त्यात सी, सल्ला देणे हे क्रियापद, त्यात एस. सैल या अर्थाचा 'लूस' दोन ओ घेतो, हरवणे या अर्थाचा 'लूझ' एकच.

वही तपासताना वर्तुळाऐवजी समासात एकच अक्षर लिहावे: कानाच्या चुकीला 'क', डोळ्याच्या चुकीला 'ड', व्याकरणाच्या चुकीला 'व्या'. शब्द दुरुस्त करून देऊ नये. तो मुलाने करावा. 'क' असेल तर शेजाऱ्याला तो शब्द मोठ्याने म्हणून दाखवावा, 'ड' असेल तर शब्दाचे कुळ शोधावे, 'व्या' असेल तर वाक्य मराठीत म्हणून पाहावे. पाच वेळा लिहिण्याची शिक्षा यातील एकाही कामाला पुरी पडत नाही. चाळीस वह्यांना प्रारंभी वेळ अधिक लागेल, हे खरे. दोन महिन्यांनी कोणत्या मुलाच्या समासात कोणते अक्षर वारंवार येते ते दिसू लागते आणि मग सर्व वर्गाला सर्व जोड्या शिकवत बसण्याचे श्रम वाचतात.

या तिन्ही जातींत न बसणारा एक शब्द मात्र प्रत्येक मुलाला सांगितलाच पाहिजे. पेट्रोल वाहून नेणाऱ्या टँकरच्या पाठीवर 'हायली इन्फ्लेमेबल' असे लिहिलेले आढळते. 'इन' हा उपसर्ग नकार दाखवतो, हे शिकलेले हुशार मूल त्याचा अर्थ 'न पेटणारे' असा लावण्याचा संभव आहे, आणि ही चूक वहीतल्या चुकीसारखी खोडून टाकता येत नाही. हा 'इन' नकाराचा नाही. आग लावणे या अर्थाच्या लॅटिन क्रियापदातून तो आला आहे. 'फ्लेमेबल' आणि 'इन्फ्लेमेबल' दोहोंचा अर्थ एकच, चटकन पेट घेणारे. न पेटणाऱ्याला 'नॉन-फ्लेमेबल' म्हणतात. हाच घोटाळा टळावा म्हणून पुष्कळ ठिकाणी आता नुसते 'फ्लेमेबल' लिहितात, तरी जुना शब्द रस्त्यावर आहेच. 'इन्व्हॅल्युएबल' हा शब्द त्याच्यासोबत शिकवता येईल. त्यातील 'इन' नकाराचाच आहे, तरीही अर्थ 'कवडीमोल' होत नाही. ज्याचे मोल करता येत नाही असा, म्हणजे आपला 'अमूल्य'. 'अमूल्य' मुलांना आधीच येतो. टँकरवरील शब्दासाठी फळ्यावर शेजारी पेटत्या काडीचे चित्र काढावे आणि ते आठवडाभर पुसू नये.